गढी बघायला जाण्याआधी: राजूरच्या आसपासचे राजवाडे, कोट आणि पांढरी

मागच्या दोन लेखांत आपण कागदांबद्दल बोललो. आज कागद बाजूला ठेवून बाहेर पडू. पीएचडीचा प्रस्ताव लिहिताना 'क्षेत्रभेट' असा एक रकाना असतो आणि बहुतेक जण तिथे 'निवडक वास्तूंना भेटी' असं लिहून मोकळे होतात. पण वास्तूत जाऊन नेमकं बघायचं काय? फोटो तर सगळेच काढतात. म्हणून एकच छोटा प्रदेश घेऊ, जालना जिल्ह्यातलं राजूर आणि त्याच्या भोवतालचा टापू, आणि तिथले राजवाडे, कोट, गढ्या कशा वाचायच्या ते बघू. तुमचा जिल्हा दुसरा असेल तरी पद्धत तीच लागू पडेल.

राजूरच का, तर त्याच्या नावामुळे. जालन्याहून भोकरदनला जाताना वाटेत राजूर लागतं. टेकडीवरच्या गणपतीसाठी ते महाराष्ट्रभर माहीत आहे आणि अंगारकी चतुर्थीला तिथे पाय ठेवायला जागा नसते. गणेशभक्तांच्या परंपरेत या क्षेत्राला 'राजसदन' म्हणतात. राजसदन म्हणजे राजाचं घर. हा राजा वरेण्य. गणेशपुराणातली गणेशगीता गणपतीने त्यालाच सांगितली अशी कथा आहे. म्हणजे गावाच्या नावातच राजवाडा आहे.

इथे संशोधक म्हणून पहिला धडा. 'राजसदन' हे नाव पुराणपरंपरेतून येतं, ते उत्खननाचं अनुमान नाही. त्यावरून 'इथे प्राचीन राजवाडा होता' असं लिहिता येत नाही. आणि 'ही नुसती दंतकथा' म्हणून ते खोडूनही टाकायचं नाही. त्यातून प्रश्न काढायचा. या भागातल्या लोकांनी 'राजाचं घर' म्हणून प्रत्यक्षात काय पाहिलं होतं? त्या घरात कोण राहायचं, ते कोणाच्या पैशावर उभं राहायचं, आणि गावातल्या माणसाचा त्याच्याशी संबंध कधी यायचा?

तीन प्रकार, तीन हक्क

आपल्याकडे दगडी भिंत आणि बुरूज दिसला की सरसकट 'किल्ला' म्हणायची सवय आहे. राजूरपासून एका दिवसात जाऊन येता येईल अशा अंतरात किमान तीन वेगळ्या गोष्टी आहेत: सरदाराचा राजवाडा, सरकारी कोट आणि वतनदाराची गढी. दिसायला त्या एकमेकींसारख्या असू शकतात. फरक आहे तो त्यांच्यामागच्या हक्कात.

सरदाराला मिळते ती जहागीर. चाकरीच्या बदल्यात काही मुलखाचा महसूल. दरबाराची मर्जी फिरली की जहागीरही फिरते. सरकारी कोट हा राज्यकर्त्याचा, त्यात बसणारा किल्लेदार आज आहे, उद्या बदलेल. आणि वतन म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चालणारा हक्क. परगण्याचा देशमुख, त्याचा हिशेब ठेवणारा देशपांडे, गावचा पाटील, कुलकर्णी हे वतनदार. वर निजामशाही गेली, मोगल आले, मग आसफजाही आली, मराठ्यांचा अंमल बसला, तरी देशमुख बहुधा तोच राहिला. हा फरक डोक्यात ठेवून गेलात तर दगडमाती बोलायला लागते.

सिंदखेड राजा: राजवाडा आणि त्याची मर्यादा

पहिल्या प्रकारासाठी जालन्याहून नागपूर रस्त्याने निघा. तासाभरात तुम्ही बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेड राजाला पोचाल. लखुजीराव जाधवांचा राजवाडा, जिजाऊंचं जन्मस्थान. दर १२ जानेवारीला इथे लोटणारी गर्दी तुम्हाला माहीत असेलच. राजवाड्याचा दरवाजाच एवढा मोठा की त्यावरून घराण्याची ऐपत कळते.

पण फक्त राजवाडा बघून परत फिरू नका. गावात मोती तलाव आहे, चांदणी तलाव आहे, पुतळाबारव आहे, रंगमहाल आहे, नीळकंठेश्वर आणि रामेश्वराची देवळं आहेत, काळाकोट आहे आणि लखुजीरावांची प्रचंड समाधी आहे. हे सगळं एका नकाशावर मांडा. मग लक्षात येतं की इथे सरदाराने एक घर बांधलं एवढंच घडलेलं नाही, गावच नव्याने बसवलं गेलं. पाण्याची सोय, देऊळ, बाजार, राहतं घर, संरक्षण, सगळं एका घराण्याभोवती.

आता काळाकोट बघा. अवाढव्य जाडीच्या भिंती, आणि त्यांच्या मानाने आत पुरं झालेलं काही नाही. आणि मग समाधीपाशी जा. २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादच्या किल्ल्यात, निजामशाही दरबारात, लखुजीरावांची हत्या झाली. त्यांच्याबरोबर अचलोजी आणि राघोजी ही मुलं आणि नातू यशवंतराव मारले गेले. निजामशाहीतून मोगलांकडे आणि पुन्हा निजामशाहीकडे असा प्रवास केलेला हा बलाढ्य सरदार एका दिवसात संपला. एवढी तटबंदी घरी असून उपयोग झाला नाही, कारण धोका घराच्या बाहेरून येणार नव्हता, दरबारातून येणार होता. जहागीर म्हणजे काय, हे मी कुठल्याही व्याख्येपेक्षा काळाकोट आणि समाधी एकामागून एक बघून समजावून सांगेन.

रंगमहालाची गोष्ट तुम्ही शाळेपासून ऐकली आहे. रंगपंचमी, छोटी जिजाऊ आणि छोटे शहाजी, लखुजीरावांचं गमतीत बोललेलं वाक्य आणि मालोजींनी ते धरून ठेवणं. ही कथा बखरींतून आली आहे, आणि बखरी घटनेनंतर पुष्कळ काळाने लिहिल्या गेल्या. तुमच्या प्रबंधात ती १७व्या शतकाचा पुरावा म्हणून येऊ शकत नाही. नंतरच्या पिढ्यांनी या वाड्याकडे कसं पाहिलं याचा पुरावा म्हणून मात्र नक्की येऊ शकते. एकच साधन, पण प्रश्न बदलला की त्याची किंमत बदलते.

सिंदखेडबद्दल अजून एक व्यवहाराची गोष्ट. जालना आणि सिंदखेड एकमेकांच्या इतकी जवळ आहेत, पण त्यांचे कागद एकमेकांजवळ नाहीत. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे दिला, तेव्हा सिंदखेड त्या बाजूला गेलं. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं गेलं. जालना मात्र १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात राहिलं. त्यामुळे एकासाठी नागपूरकडे बघायचं आणि दुसऱ्यासाठी हैदराबादकडे. दोन्ही ठिकाणी जायचं असेल तर प्रवासखर्च आणि भाषा, दोन्हींची तयारी प्रस्तावातच लिहून ठेवा.

जालना: सरकारचा कोट

दुसरा प्रकार जालना शहरातच आहे. निजामुल्मुल्क आसफजाहच्या हुकमावरून काबील खानाने १७२५ मध्ये इथला किल्ला आणि बालेकिल्ला बांधला. बालेकिल्ल्याला मस्तगड म्हणतात. दरवाज्यावरच्या फारसी शिलालेखामुळे त्याचा काळ ठरतो. जुन्या गॅझेटियरमध्ये आतल्या एका विहिरीचं कौतुक आहे, सज्जे आणि खोल्या असलेली विहीर.

१७२५ हा आकडा मिळाला की तिथे थांबायचं नाही, 'तेव्हाच का?' असं विचारायचं. आदल्याच वर्षी, १७२४ मध्ये, साखरखेर्ड्याच्या लढाईत निजामुल्मुल्काने मुबारिज खानाचा पराभव केला आणि दख्खन व्यवहारात स्वतंत्र झालं. साखरखेर्डा सिंदखेडच्याच बाजूला आहे. नवा सत्ताधीश, आणि जालना ही पैठण-औरंगाबादच्या पट्ट्यातली श्रीमंत पेठ. किती श्रीमंत? १६७९ च्या अखेरीस शिवाजी महाराजांनी आपल्या शेवटच्या मोठ्या मोहिमेत जालना लुटलं, ते काही उगाच नाही. अशा पेठेत सरकारी कोट हवाच. तो शत्रूपासून संरक्षणासाठी, आणि तितकाच पेठेचा पैसा नेमका कोणाच्या खजिन्यात जातो हे सांगण्यासाठी.

सरकारी कोटाचं पुढचं आयुष्यही बघण्यासारखं असतं. मालक बदलला की कोट नव्या मालकाचा. १८०३ मध्ये जालना शिंद्यांकडे होतं. त्या वर्षी सप्टेंबरच्या सुरुवातीला कर्नल स्टीव्हन्सनने ते घेतलं. ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावचा तह झाला, त्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या दक्षिणेचा मुलूख जालन्याच्या किल्ल्यासह शिंद्यांनी सोडला आणि तो निजामाकडे आला. पुढे याच मस्तगडात नगरपालिकेचं कार्यालय आलं. म्हणजे कर गोळा करणाऱ्या इमारतीत शेवटी कर गोळा करणारंच ऑफिस बसलं! ही गंमत प्रबंधात लिहू नका, पण त्यातलं सातत्य जरूर टिपा.

गढी: महसुलाचं घर

आता तिसरा प्रकार, जो संख्येने सगळ्यात जास्त आणि अभ्यासात सगळ्यात कमी आहे. मराठवाड्यातल्या कुठल्याही जुन्या मोठ्या गावात जा आणि 'गढी कुठे?' विचारा. गावाच्या उंच भागाकडे बोट दाखवतील. चौकोनी आवार, कोपऱ्यांवर बुरूज, खाली काही थर दगडाचे आणि वर पांढऱ्या मातीची जाड भिंत, एकच मोठा दरवाजा आणि त्याच्या फळीत छोटी दिंडी. दरवाज्याच्या आत दोन्ही बाजूंना देवड्या. मग सदर. त्यामागे चौसोपी वाडा, सागाचे खांब, तुळया आणि वर मातीचं माळवद. माजघर, देवघर, बळद, तळघर, आड. बहुतेक गावांत एका भुयाराची गोष्टही असते, ते म्हणे थेट दौलताबादला निघतं.

भुयार शोधण्यात दिवस घालवू नका. तीन गोष्टी आधी बघा.

पहिली, धान्य साठवायच्या जागा. जमिनीतली पेवं आणि भिंतीलगतची बळदं. त्यांची लांबी-रुंदी-खोली मोजा. एका कुटुंबाला वर्षभर किती धान्य लागेल याचा ढोबळ हिशेब करा आणि पेवांची मापं त्याच्यापुढे ठेवा. घराच्या गरजेच्या कितीतरी पट जागा निघाली तर ते धान्य कुठून येत होतं, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. गढी हे राहतं घर आहेच, पण ती महसुलाची कोठीही आहे.

दुसरी, सदर. दरवाज्यातून सदर दिसते का? सदरेवरून दरवाजा दिसतो का? सदरेच्या आणि अंगणाच्या उंचीत किती पायऱ्यांचा फरक आहे? कोण वर बसायचं आणि कोण खाली उभं राहायचं, हे त्या पायऱ्या सांगतात. इथेच तंटे तुटायचे, इथेच सारा ठरायचा.

तिसरी, भिंतीतल्या जंग्या, म्हणजे बंदुकीचा मारा करायची भोकं. ती कुठल्या दिशेला रोखलेली आहेत ते टिपा. काही रानाकडे असतील, काही गावाकडे. दोन्हींची वेगवेगळी मोजदाद करा. १८व्या शतकाच्या अखेरीस आणि १८१८ पर्यंत पेंढाऱ्यांचा उपद्रव होता, त्या काळात गाव गढीच्या आश्रयाला यायचं. पण गावाकडे तोंड केलेली जंगी हाही पुरावाच आहे, तो गाळायचा नाही.

गावाला तट असणं ही तेव्हा किती साधी गोष्ट होती, हे बघायला याच जिल्ह्यातली असईची लढाई आठवा. २३ सप्टेंबर १८०३. आर्थर वेलस्लीच्या वाटाड्यांनी सांगितलं की जवळ नदीला उतार नाही. त्याला केळणा नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. त्याने विचार केला, एवढी जवळ समोरासमोर गावं म्हणजे मधून येण्याजाण्याची वाट असणारच. उतार निघाला आणि फौज पलीकडे गेली. पुढे असई गावाच्या मातीच्या तटाआडून आणि भोवतालच्या तोफांतून झालेल्या माऱ्यात त्याच्या ७४व्या पलटणीची भयंकर हानी झाली. त्या दिवशी त्याच्या सैन्यातले दीड हजारांहून जास्त लोक मेले किंवा जखमी झाले. वेलस्लीबद्दल आपल्याला प्रेम असायचं कारण नाही. पण वस्तीची रचना बघून न दिसणारी गोष्ट ताडणं, हे कौशल्य क्षेत्रभेटीला जाणाऱ्या प्रत्येकाने शिकावं असंच आहे.

थोडं इटलीत जाऊ

'आमच्या गावच्या गढीवर कसला सिद्धान्त लावणार?' असं तुमचे गाइड विचारतील. तेव्हा इटलीतल्या किल्ल्यांचा अभ्यास हाताशी ठेवा.

१९७३ मध्ये फ्रेंच इतिहासकार पिएर तुबेर यांनी रोमभोवतालच्या लात्सियो प्रदेशावर मोठा ग्रंथ लिहिला. नवव्या ते बाराव्या शतकांतले मठांचे आणि जमिनींचे कागद त्यांनी वाचले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: दहाव्या शतकापासून जमीनमालकांनी टेकड्यांवर तटबंदीची गावं उभारली, विखुरलेले शेतकरी तिथे आणून बसवले, आणि त्यातून सगळ्या मुलखाची घडीच बदलली. या प्रक्रियेला 'इन्कास्तेल्लामेन्तो' म्हणतात. आपल्या भाषेत 'कोटबांधणी' म्हणा. म्हणजे किल्ला ही एक इमारत नसून माणसं, जमीन आणि वसुली यांची नवी मांडणी आहे.

मग पुरातत्त्वज्ञ कुदळ घेऊन गेले. तस्कनी प्रदेशात, सिएना प्रांतातल्या मोंतारेन्ती आणि पोज्जीबोन्सी अशा ठिकाणी रिकार्दो फ्रांकोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खननं केली. दगडी किल्ल्याच्या थराखाली त्यांना लाकडी खांबांच्या खड्ड्यांच्या खुणा मिळाल्या. कागदात किल्ला येण्याच्या कितीतरी आधीपासून, सातव्या-आठव्या शतकापासून, टेकडीवर शेतकऱ्यांची वस्ती होतीच. निदान तिथे तरी मालकाने गाव वसवलं नव्हतं, आधी असलेल्या गावावर तो येऊन बसला होता.

कागद मालकाच्या घरात लिहिले जातात, म्हणून कागदात गोष्ट मालकापासून सुरू होते. मातीत ती त्याच्या आधीपासून असते. आता हाच प्रश्न घेऊन मराठवाड्यात परत या.

काळी आणि पांढरी

आपल्या गावगाड्यात दोन शब्द आहेत: काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे गावठाण. पांढरी पांढरी का, तर शेकडो वर्षं माणसं एकाच जागी राहिली, घरं पडली, चुलीची राख, शेणमाती, खापरं एकावर एक साठत गेली आणि माती राखट पांढुरकी झाली. वस्तीची जागा हळूहळू उंच झाली. अनेक गढ्या याच उंचवट्यावर उभ्या आहेत आणि त्यांच्या भिंतीही याच मातीच्या आहेत.

याचा अर्थ लक्षात घ्या. गढीची भिंत कदाचित तीनशे वर्षांपूर्वीची असेल, पण त्या भिंतीच्या पोटातलं खापर दोन हजार वर्षांपूर्वीचं असू शकतं. राजूरच्या पुढे भोकरदन आहे, म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांच्या लेखांत या गावचं नाव येतं. १९७३ मध्ये, तुबेर यांचा ग्रंथ आला त्याच वर्षी, नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी इथे उत्खनन केलं. त्यात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती मिळाली. तशाच घडणीची हस्तिदंती मूर्ती १९३८ मध्ये इटलीतल्या पाँपेईत सापडली होती, आणि पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. म्हणजे ज्या मुलखाला आपण 'गढी-वाड्यांचा' म्हणतो, तिथे गढीच्या दीड हजार वर्षं आधी दूरदेशांशी नातं असलेलं शहर नांदत होतं.

सिंदखेडलाही हेच दिसलं. जून २०२४ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाला लखुजीरावांच्या समाधीच्या परिसरात काम करताना आधी जुन्या शिवमंदिराचे अवशेष आणि मग सुमारे २.२५ मीटर खोलीवर शेषशायी विष्णूची मोठी मूर्ती मिळाली. जाधवांचं सिंदखेड एका जुन्या सिंदखेडवर उभं आहे.

आणि इथेच काळजीची गोष्ट आहे. पांढरी माती शेतात टाकली की पीक चांगलं येतं, हे शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. म्हणून पडक्या गढ्यांची माती गाड्या भरून जाते. पूर्वी बैलगाडीने जायची, आता जेसीबी आणि ट्रॅक्टरने. त्यात शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. पडीक भिंतीपेक्षा त्याला त्याचं रान महत्त्वाचं आहे, आणि गढी बहुधा खासगी मालकीची असते, वाटण्या झालेली असते. पण एक बुरूज उतरवला की दोन इतिहास एकदम जातात, गढीचा आणि तिच्या आधीच्या वस्तीचा. राज्य सरकारची संरक्षित स्मारकं मोजकी आहेत. बाकीच्यांची नोंद करायला कोणी येणार नाही. तुम्ही काढलेलं मोजमाप हीच त्या गढीची एकमेव नोंद ठरू शकते. म्हणून सांगते, 'विषय लहान आहे' असं मनात आणू नका.

दरवाज्याच्या दोन्ही बाजू

गढीवर गेलात की पहिला चहा गढीतल्या वंशजांच्या घरी होतो. ते आपुलकीने बोलतात, तलवार दाखवतात, वंशावळ दाखवतात, कधी कापडात बांधलेलं मोडी कागदांचं दप्तरही उघडतात. हे सगळं मोलाचं आहे. पण तेवढ्यावर प्रबंध लिहिला तर तो तुबेर यांच्या कागदांसारखा होईल, मालकापासून सुरू होणारा.

गढी बांधली कोणी? दगड फोडला वडारांनी आणि बेलदारांनी, चिरे बसवले गवंड्यांनी, लाकूड घडवलं सुतारांनी, माती तुडवली गावातल्या बायाबापड्यांनी. मजुरी मिळाली का वेठ होती? वेशीवर रात्रंदिवस पहारा देणारा वेसकर महार होता. त्याला दरवाज्याच्या आत कुठपर्यंत यायची मुभा होती? गढीतल्या बायका बाहेर कुठल्या वाटेने जायच्या, पाणी कोण भरायचं, बाळंतिणीची खोली कुठे होती? हे प्रश्न विचारायला वेशीच्या दुसऱ्या बाजूला जावं लागतं, आणि गढीतल्या चहानंतर लगेच त्याच माणसाला सोबत घेऊन जाता येत नाही. वेगळ्या दिवशी, वेगळ्या ओळखीने जा. दलितवस्तीतल्या आजीला देशमुखांच्या नातवासमोर बसवून आठवणी विचारल्या तर ती काय सांगणार?

आणि वेळ फार कमी आहे. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबादची निजामी संपली. ऑगस्ट १९४९ मध्ये जहागिरी खालसा झाल्या. त्या वर्षी दहा वर्षांचं असलेलं मूल आज पंचाऐंशीच्या पुढे आहे. जुनी व्यवस्था स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली ही शेवटची माणसं. दप्तर दहा वर्षांनीही वाचता येईल, या माणसांचं तसं नाही. म्हणून माझा आग्रह असा की आधी मुलाखती, मग मोजमाप, मग अभिलेखागार. पुस्तकात क्रम उलटा सांगितलेला असतो, पण तुमच्या साधनांपैकी कोणतं आधी नाहीसं होणार आहे त्यावरून क्रम ठरवा.

निघण्यापूर्वी

आता थोडं कामाचं. परवानगी आधी घ्या, तोंडी नको, जमलं तर लेखी. संरक्षित स्मारकात साधे फोटो काढणं वेगळं आणि मोजणी करणं वेगळं. जमिनीवरचं एकही खापर उचलून आणू नका. जिथे आहे तिथेच त्याचा फोटो, शेजारी पट्टी, आणि वहीत जागा. दोघं मिळून जा, एक टेप धरेल, एक लिहील. पावसाळ्यात पडक्या भिंतीजवळ उभं राहू नका. उन्हाळ्यात बुरुजाच्या सावलीत साप असतो हे गावकरी सांगतील, ते ऐका.

सनांचं गणित पाठ करा. निजामी महसुली कागदांत फसली सन असतो, त्यात ५९० किंवा ५९१ मिळवले की इसवी सन येतो. मराठी दप्तरात सुहूर सन आला तर ५९९ किंवा ६००. शकात ७८ किंवा ७९. हिजरी वर्ष चांद्र असल्यामुळे तिथे साधी बेरीज चालत नाही, कोष्टकच लागतं. दोन-तीन महिने मोडीचा वर्ग करा. उर्दू अक्षरओळख तरी हवीच, कारण हैदराबाद संस्थानातले शंभर वर्षांपूर्वीचे जमिनीचे कागद त्यातच आहेत. फारसी येत नसेल तर सेतुमाधवराव पगडींनी मराठीत आणलेल्या साधनांपासून सुरुवात करा. १८८४ चं औरंगाबाद गॅझेटियर वाचा. त्या वेळी जालना औरंगाबाद जिल्ह्यातच होतं, जालना जिल्हा १ मे १९८१ चा. जुन्या कागदात 'जिल्हा जालना' शोधत बसलात तर काहीच सापडणार नाही, परगण्यांची नावं शोधा.

आणि वहीच्या पहिल्या पानावर तुमचा प्रश्न लिहा, एका वाक्यात. 'अमुक गावच्या गढीचा इतिहास' हा विषय झाला, प्रश्न नव्हे. 'अमुक गढीच्या पेवांत मावणारं धान्य आणि त्या परगण्याचा कागदोपत्री महसूल यांचा मेळ बसतो का?' हा प्रश्न. 'गढीच्या दरवाज्याच्या आत कोण कुठपर्यंत येऊ शकत होतं, आणि १९४९ नंतर ते कसं बदललं?' हाही प्रश्न. असा प्रश्न घेऊन गेलात की एक साधी पायरीसुद्धा मोजावीशी वाटते.

पुढच्या लेखात आपण एक मोडी कागद घेऊन बसू: देशमुखीच्या वतनाचा महजर कसा वाचायचा, त्यावर साक्षी कोणाच्या असतात आणि कोणाच्या नसतात. तोवर तुमच्या गावच्या, नाहीतर मामाच्या गावच्या गढीवर एक चक्कर मारा. बुरूज किती उरलेत ते मोजा, आणि मागच्या पावसाळ्याआधी किती होते ते तिथल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा.